दुसऱ्या दिवसाचा कागद कोणी बाजूला ठेवला?

कोल्हापुरात लग्न ठरलं की बस्ता बांधायला गांधीनगर गाठायचं, हे ठरलेलंच. मागच्या महिन्यात पुतणीच्या लग्नासाठी आम्ही घरचे नऊजण गेलो होतो. गादीवर बायका मांडी घालून बसलेल्या, पुढ्यात मानपानाच्या साड्यांचा ढीग, बाजूला टॉवेल-टोप्यांचे गठ्ठे, मधूनच चहा. दुकानदार सिंधी, बोलणं मात्र अस्सल इथलं. "वहिनी, रंग ऱ्हाऊ दे, पोत बघा की पोत!" खरेदी तीन तास चालणार हे दिसतच होतं, म्हणून मी गल्ल्याशेजारी बसलेल्या त्यांच्या वडिलांशी बोलत बसलो. वय ऐंशीच्या घरात.

"आईच्या कडेवर आलो मी इथं," ते सांगत होते. "दुकानं कुठली त्या वेळी! नुसत्या बराकी. आमच्या आधी गोरी माणसं राहून गेलेली. बराकीत आईला खिळ्याला अडकवलेला लाकडी क्रूस सापडला. कुणाचा का असेना, देव आहे म्हणाली. झूलेलालच्या तसबिरीशेजारी ठेवला तिनं. रोज दोघांना उदबत्ती."

ती गोरी माणसं इंग्रज नव्हती, पोलंडची होती. १९३९ मध्ये पोलंडची वाटणी झाली, पूर्वेकडचा भाग सोव्हिएत रशियानं घेतला आणि तिथल्या लाखो माणसांना पुढच्या दोन वर्षांत सायबेरियात, कझाकस्तानात हाकलून दिलं. त्यातून वाचलेले काही जण इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले आणि १९४३ पासून सुमारे पाच हजार जण वळिवड्याच्या छावणीत, म्हणजे आजच्या गांधीनगरात, राहिले. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. त्यांनी तिथं शाळा चालवल्या, चर्च उभारलं, नाटकं बसवली. घरचे पुरुष तिकडे मित्रराष्ट्रांच्या बाजूनं लढत होते. इटलीतली माँटे कॅसिनोची टेकडी मे १९४४ मध्ये पोलिश फौजेनंच सर केली. युद्ध जिंकलं. पण फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तीन बडे नेते बसले, सरहद्द पश्चिमेला सरकवली, आणि या लोकांची गावं पोलंडमध्ये उरलीच नाहीत. जिंकलेल्या बाजूची माणसं बेघर झाली. १९४८ मध्ये छावणी मोडली. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी अमेरिकेला. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. सकाळी फिरायला जाणारे आपण किती जण त्यापुढे थांबतो, हे ज्याचं त्यानं पाहावं.

त्या बराकींत मग सिंधी निर्वासित आले. महायुद्धानं दमलेल्या ब्रिटननं फेब्रुवारी १९४७ मध्ये जाहीर केलं होतं की जून १९४८ पर्यंत आम्ही निघतो. ३ जूनला फाळणीची योजना आली आणि मुदत एकदम ऑगस्टवर. सीमा आखायला आलेले रॅडक्लिफ ८ जुलैला पहिल्यांदा या देशात उतरले, आणि त्यांची रेषा लोकांना समजली १७ ऑगस्टला, म्हणजे झेंडा फडकल्यावर दोन दिवसांनी. सिंध तर अख्खाच पलीकडे गेला. तिथल्या हिंदूंनी कुठं जायचं, याला त्या वेळापत्रकात जागा नव्हती. एका कुटुंबाचं घर ठरवून, सहीशिक्क्यानं दुसऱ्याला दिलं गेलं. दुसऱ्याच्या घराचा कुणी विचारच केला नाही. दोघांच्या वाट्याला आली तीच बराक.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. युद्ध संपल्यावर जे होतं, त्याची आखणी न करण्याचा दोष कुणाच्या माथी?

हा प्रश्न निघाला की दोन उत्तरं तयारच असतात. एक, "परिस्थितीच तशी होती." दुसरं, "सगळेच जबाबदार." दोन्ही उत्तरांनी एकच साधतं, खऱ्या माणसाचं नाव यादीतून गळतं. माझं म्हणणं साधं आहे. जे युद्ध कुणी आपल्या मर्जीनं, आपण निवडलेल्या तारखेला सुरू करतं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची जबाबदारी तारीख निवडणाऱ्याची. ज्याच्यावर हल्ला झाला, त्याची गोष्ट वेगळी. मध्यरात्री घरात चोर शिरल्यावर हातात काठी घेणाऱ्याला "सकाळचं काय ठरवलंस?" असं कुणी विचारत नाही. पण जो सहा-सहा महिने तयारी करून, मुहूर्त काढून दुसऱ्याच्या घरात शिरतो, त्याला विचारायलाच हवं. आणि काय होणार हे त्याला आधी कुणी सांगितलेलं असताना त्यानं ते बाजूला सारलं असेल, तर त्याला चूक म्हणता येत नाही. तो अपराध आहे.

आमचं घर नदीच्या अंगाला, सखल भागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये छातीइतकं पाणी होतं. पाणी होतं तेव्हा आम्ही मेहुण्यांकडे होतो, जेवूनखाऊन. खरी दैना पाणी ओसरल्यावर. दार ढकलायला तिघे लागले, कारण आत गाळ साचलेला. डब्यातली तूरडाळ फुगून झाकणं उडालेली. लाईटचे बोर्ड चिखलानं भरलेले. मुलीची मार्कलिस्ट आणि सातबारा वर्तमानपत्रात घालून इस्त्रीखाली वाळवत मी दोन दिवस बसलो, आणि सातबाऱ्यावरची शाई शेवटी वर्तमानपत्रालाच लागली. पूर हा पाण्याच्या आठवड्यापेक्षा ओसरल्यानंतरच्या दोन महिन्यांचा असतो, हे कोल्हापूरकराला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून तर आपण राजाराम बंधाऱ्याचे आकडे बघत असतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ३९ म्हटलं की सामान माळ्यावर. आता घरातल्या एखाद्यानं ३९ चा आकडा वाचून दाखवला आणि कर्त्या माणसानं "काही होत नाही" म्हणून त्यालाच गप्प बसवलं, तर पुढच्या नुकसानीला पंचगंगा जबाबदार धरायची का? आणि पूर तरी आपल्या पायांनी येतो. युद्ध आणावं लागतं.

इराकच्या बाबतीत तो आकडा वाचून दाखवला गेला होता. २५ फेब्रुवारी २००३. अमेरिकेच्या हल्ल्याला महिनाही उरला नव्हता. अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल एरिक शिन्सेकी सिनेटच्या समितीपुढे बसले होते. जिंकल्यावर इराक सांभाळायला किती सैन्य लागेल, असा सरळ प्रश्न आला. बोस्नियात शांतिसेनेचं काम त्यांनी स्वतः हाताळलेलं होतं. ते म्हणाले, काही लाख सैनिक लागतील. देश मोठा आहे, वांशिक ताण आहेत, लोकांना अन्न-पाणी पोचवायचं आहे. पेंटागॉनचा बेत याहून खूप थोड्या माणसांत उरकण्याचा होता. दोनच दिवसांनी संरक्षण खात्याचे उपमंत्री पॉल वोल्फोवित्झ यांनी हा अंदाज वास्तवापासून फार दूर असल्याचं जाहीरपणे सांगितलं. त्यांचा युक्तिवाद असा होता की सद्दाम हुसेनची फौज हरवायला लागतं त्याहून जास्त सैन्य नंतरच्या शांततेला लागेल, ही कल्पनाच करवत नाही. मला या एका वाक्यात सगळं दिसतं. घर पाडायला एक दिवस आणि दहा माणसं पुरतात. बांधायला काय लागतं ते कुठल्याही गवंड्याला विचारा.

एकटे शिन्सेकीच नव्हते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं २००२ मध्येच 'इराकचं भवितव्य' नावाचा उपक्रम हाती घेतला होता. परागंदा इराकी वकील, इंजिनिअर, डॉक्टर, अर्थतज्ज्ञ यांना बसवून वीज, पाणी, न्यायालयं, पोलीस अशा एकेका विषयावर कागद तयार झाले. त्या कामाचा प्रमुख अधिकारी युद्धानंतरच्या प्रशासनासाठी नेमलेल्या जे गार्नर यांनी आपल्याबरोबर घेतला, तर संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी त्याला काढायला लावलं. अमेरिकी लष्कराच्या वॉर कॉलेजनं फेब्रुवारी २००३ मध्ये एक अभ्यास छापला. त्यात स्पष्ट इशारा होता की इराकी सैन्य मोडून टाकू नका, समाजाला बांधून ठेवणाऱ्या थोड्या गोष्टींपैकी ती एक आहे.

म्हणजे "कुणालाच अंदाज नव्हता" हे म्हणणं खोटं आहे. अंदाज होता, तोही लेखी. बेत नव्हता असंही नाही. बेत होता आणि तो नाकारला गेला. का नाकारला, हेही उघड आहे. नंतरचा खरा खर्च, खरी माणसं, खरी वर्षं कागदावर मांडली असती, तर युद्धाला होकार मिळवणं अवघड गेलं असतं. म्हणून युद्ध स्वस्त दाखवायचं होतं. वोल्फोवित्झ यांनी मार्च २००३ मध्ये काँग्रेसला सांगितलं की इराक आपल्या पुनर्बांधणीचा खर्च आपणच, तेही लवकरच, उचलू शकेल. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात काँग्रेसला सुमारे साडेअठरा अब्ज डॉलर पुनर्बांधणीसाठी मंजूर करावे लागले, आणि ती सुरुवात होती.

गार्नर यांचं कार्यालय स्थापन झालं २० जानेवारी २००३ ला, हल्ल्याच्या फक्त दोन महिने आधी. त्याच अमेरिकेनं दुसऱ्या महायुद्धात काय केलं होतं, ते शेजारी ठेवून बघा. व्हर्जिनियात शार्लट्सव्हिल इथं जिंकलेल्या प्रदेशाचा कारभार कसा चालवायचा, हे शिकवणारी शाळा त्यांनी १९४२ मध्ये काढली. तेव्हा जर्मनीचं एक गावही हाती आलेलं नव्हतं. म्हणजे कसं करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, असंही म्हणायची सोय नाही.

९ एप्रिल २००३ ला बगदाद पडलं आणि दुसऱ्या दिवसापासून शहर लुटलं जाऊ लागलं. मंत्रालयं, दवाखाने, विद्यापीठं. दारं, खिडक्या, विजेच्या तारासुद्धा. तेल मंत्रालयाभोवती अमेरिकी पहारा होता. राष्ट्रीय संग्रहालयाभोवती नव्हता. तिथून सुमारे पंधरा हजार वस्तू गेल्या. त्यात वार्काचं पाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी पात्र होतं. त्यावर तळापासून वरपर्यंत ओळीनं कोरलेलं आहे: पाणी, पिकं, मेंढ्या, नैवेद्याच्या टोपल्या घेऊन निघालेली माणसं. आपल्या जोतिबाच्या यात्रेत सासनकाठ्या घेऊन चढणाऱ्या माणसांची रांग आठवावी असं ते चित्र आहे. जूनमध्ये तीन माणसांनी एका गाडीतून ते परत आणून दिलं, तुकड्यांमध्ये. लुटीबद्दल पत्रकारांनी विचारलं तेव्हा रम्सफेल्ड यांचं उत्तर होतं की अशा गोष्टी होतच असतात, स्वातंत्र्य हे अस्ताव्यस्तच असतं.

पुढचा घाव याहून खोल. १२ मे रोजी गार्नर यांच्या जागी नेमलेले पॉल ब्रेमर बगदादला पोचले. १६ मे रोजी त्यांच्या पहिल्या आदेशानं सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्या लोकांना सरकारी नोकरीतून बाद केलं. शाळामास्तर, दवाखान्यांचे प्रमुख, पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर, पुष्कळ जण त्यात गेले. २३ मे रोजी दुसऱ्या आदेशानं अख्खं इराकी सैन्य बरखास्त झालं. लाखो माणसं एका सहीनं घरी बसली, पगार बंद, घरात बंदूक, आणि गावात मानहानी. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत जाऊन ही कल्पना करून बघावी. घरटी सैनिक असलेल्या गावात एका सकाळी सांगायचं की तुमची पलटण नाही, पेन्शन नाही, गणवेशाला किंमत नाही. त्या गावात संध्याकाळी काय होईल? पुढं त्यातले कित्येक अधिकारी बंडखोरांना मिळाले, आणि २०१४ मध्ये मोसूल घेणाऱ्या 'इस्लामिक स्टेट'च्या फौजेतही जुन्या इराकी सैन्यातले अनुभवी अधिकारी होते.

इथं काही जण म्हणतात, हा दोष ब्रेमर यांचा, वरच्यांना पत्ताच नव्हता. राष्ट्राध्यक्ष बुश यांनीही नंतर आपल्या चरित्रकाराला सांगितलं की सैन्य शाबूत ठेवायचं हेच धोरण होतं, पण ते तसं झालं नाही. तसं झालं नाही! जणू ते पावसासारखं आभाळातून झालं. यावर ब्रेमर यांनी २००७ मध्ये पत्रव्यवहारच बाहेर काढला. सैन्य बरखास्त करणार असल्याचं त्यांनी आधी लिहून कळवलं होतं आणि २३ मे २००३ ला बुश यांनी उत्तरात पूर्ण पाठिंबा आणि विश्वास कळवला होता. बुश यांनी तो मजकूर नीट वाचला नव्हता, असंही कुणी म्हणेल. मग तर दोष आणखी वाढतो. चार लाख हत्यारबंद माणसांच्या पोटाचा प्रश्न ज्या कागदात आहे, तो न वाचता पाठिंबा देणारा माणूस त्या खुर्चीत बसायच्या लायकीचा नाही.

दुसरा बचाव असा की इराकी लोकच एकमेकांच्या जिवावर उठले, शिया-सुन्नी वैर जुनं, त्याला अमेरिका काय करणार? बाजारात बॉम्ब ठेवणाऱ्याचं पाप बॉम्ब ठेवणाऱ्याचंच आहे, यात शंका नाही. सद्दामनं आपल्याच लोकांवर केलेले अत्याचारही कुणी विसरू नयेत. पण ताबा घेणाऱ्याचं कर्तव्य यामुळे संपत नाही. १९०७ च्या हेग नियमांच्या ४३ व्या कलमात ते लिहिलेलं आहे: ज्याच्या हाती प्रदेशाचा ताबा, त्यानं तिथली सुव्यवस्था राखायची. २२ मे २००३ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं १४८३ क्रमांकाच्या ठरावात अमेरिका आणि ब्रिटन यांना ताबा घेतलेल्या सत्ता म्हणून नावानिशी नोंदवलं. सैन्य मोडण्याचा आदेश निघाला तो त्याच्या दुसऱ्याच दिवशी. जबाबदारी अंगावर घेतल्याची शाई वाळायच्या आत, ती पार पाडायची सगळ्यात मोठी यंत्रणा मोडून टाकली.

आणि "सगळेच जबाबदार"? अमेरिकी काँग्रेसनं ऑक्टोबर २००२ मध्ये युद्धाचा अधिकार दिला, प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. ब्रिटिश संसदेत १८ मार्च २००३ ला ४१२ विरुद्ध १४९. हात वर करणाऱ्यांनी "नंतरचा कागद दाखवा" असा हट्ट धरला नाही, हा त्यांचा वाटा. पण वाटा म्हणजे बरोबरी नव्हे. ज्याच्यापाशी माहिती जास्त, अधिकार जास्त आणि थांबायची मोकळीक जास्त, त्याचा दोष जास्त. ब्रिटिश मंत्री रॉबिन कुक यांनी त्या मतदानाच्या आदल्या दिवशी मंत्रिपद सोडलं. म्हणजे बाहेर पडायचं दार उघडं होतं.

पुढं कुणाचं काय झालं? शिन्सेकी जून २००३ मध्ये निवृत्त झाले. वोल्फोवित्झ २००५ मध्ये जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले. डिसेंबर २००४ मध्ये बुश यांनी ब्रेमर, मोहिमेचे सेनापती टॉमी फ्रँक्स आणि गुप्तचर प्रमुख जॉर्ज टेनेट या तिघांच्या गळ्यात अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान घातला. नोंद झालेले इराकी नागरिकांचे मृत्यूच एक लाखाच्या कितीतरी वर आहेत, अमेरिकेचे सुमारे साडेचार हजार सैनिक गेले. ब्रिटननं चौकशी नेमली २००९ मध्ये, चिलकॉट अहवाल आला जुलै २०१६ मध्ये. बारा खंड. सद्दामनंतरच्या इराकसाठीची आखणी आणि तयारी पूर्णपणे अपुरी होती, असा निष्कर्ष. युद्धाच्या वेळचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी त्या दिवशी दुःख व्यक्त केलं, जबाबदारी घेतो म्हणाले आणि निर्णय पुन्हा तोच घेतला असता, असंही म्हणाले. जबाबदारी घेणं म्हणजे तोंडानं म्हणणं एवढंच उरलं, की त्या शब्दात काही राहत नाही.

हे कायमच असं होतं, असं मात्र नाही. त्याच भूमीवर, शंभर वर्षांपूर्वी, आपल्याच माणसांच्या बाबतीत वेगळं घडलं होतं. माझी आजी 'बसऱ्याची लढाई' म्हणायची. तिच्या माहेरच्या वाड्यातला एक जण त्या लढाईला गेला तो आलाच नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाची मोहीम हिंदुस्थान सरकारनं चालवली. ११० वी आणि ११७ वी मराठा पलटण जनरल टाउनशेंडच्या फौजेत होती. बगदाद हाताशी आलं म्हणून रसद, बोटी, दवाखाने यांचा विचार न करता फौज नदीनं वर पाठवली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफोनला तुर्कांकडून मार खाल्ला, मग कुटला जवळजवळ पाच महिने वेढा, आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार जण शत्रूच्या हाती. कैदेत हजारो मेले.

टेसिफोनचे जखमी बोटींतून बसऱ्याला आणले, तेव्हा धक्क्यावर मेजर कार्टर नावाचे एक डॉक्टर होते. 'मेजिदिया' नावाची बोट लांबून येताना तिच्या कडांना दोरखंड लोंबताहेत असं त्यांना वाटलं. जवळ आल्यावर कळलं, ते दोर नव्हते. डेकवर दाटीवाटीनं पडलेल्या, उठता न येणाऱ्या जखमींची विष्ठा कडांवरून ओघळून वाळली होती. कार्टरनी वरिष्ठांना कळवलं. त्यांना अटकेची धमकी मिळाली, नसत्या उठाठेवी करणारा म्हणून शिव्या मिळाल्या. इशारा देणाऱ्याचं नशीब १९१५ मध्येही तेच. पण पुढं एक फरक झाला. युद्ध चालू असतानाच चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये अहवाल छापून लोकांपुढे आला, त्यात बड्या सेनापतींपासून व्हाइसरॉयपर्यंत नावं घेऊन ठपका होता, कार्टर खरे ठरले. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांच्यावर मुख्य ठपका नव्हता, तरी त्यांनी जुलै १९१७ मध्ये राजीनामा दिला. खातं माझं, म्हणून उत्तर मी द्यायचं. बाकीचे बरेचसे सुटले, हेही खरं. तरी ज्या साम्राज्याला आपण अन्यायाचं राज्य म्हणतो, त्यानं एका वर्षात जे केलं, ते लोकशाही सरकारांना तेरा वर्षांत जमलं नाही.

आणि आपल्याकडे तर याहून जुना धडा आहे. राज्याभिषेकाच्या आधीच्या काळातलं शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला गेलेलं पत्र मला नेहमी आठवतं. मोहीम संपलेली, घोडदळ पावसाळ्यापुरतं मुक्कामाला. महाराज लिहितात की दाणा, वैरण आत्ताच बेपर्वाईनं उडवाल तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील. मग कोणी कुणब्याचा दाणा आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजीपाला. उरलेसुरले कुणबी गाव सोडून जातील आणि म्हणतील, मोगल आले त्याहून तुम्ही जास्त! इतकंच नाही. रात्री दिवा तसाच ठेवाल, जळती वात उंदीर ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, हेही त्यात आहे. उंदरानं ओढलेली वात! राज्याचा धनी लढाईनंतरच्या छावणीतल्या वातीपर्यंत विचार करतो. "खाली कुणीतरी बघेल" असं तो म्हणत नाही. हे पत्र आपण भाषणात रयतेच्या कळवळ्यापुरतं वापरतो. ते मुळात युद्धानंतरच्या आखणीचं पत्र आहे.

म्हणून अमेरिकेकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. १९७१ मध्ये आपल्या फौजा १६ डिसेंबरला ढाक्यात पोचल्या आणि मार्च १९७२ मध्ये परतल्या. कोटभर निर्वासितांपैकी बहुतेक जण आपल्या घरी गेले. परत कधी यायचं हे ठरवणं जमू शकतं, याचा तो पुरावा. पण २९ जुलै १९८७ ला श्रीलंकेशी करार करून आपण शांतिसेना पाठवली, तेव्हा तमिळ वाघांनी, म्हणजे 'लिट्टे'नं, शस्त्रं खाली ठेवली नाहीत तर काय, याचं पक्कं उत्तर हातात नव्हतं. ऑक्टोबरात शांतिसेनाच लढाईत उतरली. मार्च १९९० मध्ये ती परतली तोवर सुमारे बाराशे जवान गेले होते. त्या निर्णयाचं उत्तर जवानांनी किंवा त्यांच्या ब्रिगेडियरांनी द्यायचं नव्हतं.

१९६२ चं तर विचारूच नका. चीन युद्धातल्या पराभवानंतर संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, म्हणजे यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेला माणूस. त्यांच्याच कारकिर्दीत हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांनी पराभवाची चौकशी करून १९६३ मध्ये अहवाल दिला. सप्टेंबर १९६३ मध्ये यशवंतरावांनी लोकसभेत त्याबद्दल निवेदन केलं, पण अहवाल बंदच राहिला. तो सरकारनं आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. साठ वर्षांपूर्वीच्या चौक्या आणि बंदुकांची आता कसली गुपितं? कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल काही भाग वगळून का होईना, २००० मध्ये संसदेत मांडला गेला. तेव्हा आभाळ कोसळलं नाही.

मला हवंय ते फार नाही. सरकारनं स्वतः निवडलेल्या मोहिमेवर फौज धाडायची असेल, तर हुकमाच्या जोडीला दुसरा कागद असावा. जिंकल्यावर तिथं पोलिसाचं काम कोण करणार, नळाला पाणी आणि मास्तराला पगार कोण देणार, हरलेल्या सैनिकांचं काय करणार, आपली माणसं कधी परतणार आणि तसं नाही झालं तर काय. ज्याच्या सहीनं फौज निघते, त्याच्याच सहीचा. कोणत्या अधिकाऱ्यानं काय इशारा दिला आणि तो का मानला नाही, हेही त्यातच. युद्ध चालू असताना तो गुप्त राहू दे. पण किती वर्षांनी उघडणार, ते आधीच ठरलेलं असावं, म्हणजे बाजूला ठेवलेला कागद कुणी ठेवला हे शोधायला तेरा वर्षं आणि बारा खंड लागणार नाहीत.

आपल्या जिल्ह्यातून दोन खासदार दिल्लीला जातात. मतं मागायला येतात तेव्हा आपण त्यांना पुराचं, रस्त्याचं, उसाच्या दराचं विचारतो, आणि ते विचारायलाच हवं. सैनिक टाकळीच्या कमानीखालून त्यांची गाडी जाईल, तेव्हा कुणीतरी गाडी थांबवून एवढंही विचारावं: १९६३ चा तो अहवाल कधी उघडणार आहात?